वेगळा केलेला कचरा जातो कुठे?

घंटागाडीचा भोंगा वाजला की नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत काय, बादली घेऊन दारात कोण येते? घरची सून येते, मुलगी येते, नाहीतर धुण्याभांड्याला येणारी बाई येते. तो कचरा पुन्हा हाताने चिवडून त्यातले विकण्याजोगे वेगळे काढणारी बहुतेक वेळा बाईच असते. आणि गाडी जिथे रिकामी होते, नांदेडच्या तुप्प्याला किंवा लातूरच्या वरवंटीला, तिथल्या वासात आणि धुरात ज्यांचा संसार चालतो त्या आसपासच्या वस्त्यांमध्ये खोकणारी लेकरे मांडीवर घेऊन बसणारीही बाईच. कचऱ्यावर आजवर जितकी भाषणे झाली, भिंती रंगल्या, शाळांतून प्रतिज्ञा म्हणवल्या गेल्या, त्या सगळ्यांचा रोख मात्र यातल्या पहिल्या बाईकडे असतो. गृहिणींनो, ओला वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा, म्हणजे शहर स्वच्छ होईल.

मैत्रिणींनो, वेगळा ठेवू नका असे मला मुळीच म्हणायचे नाही. भाजीच्या देठांत फुटकी काच आणि इंजेक्शनची सुई मिसळून टाकली की ती कुणाच्या तरी हातात घुसते, आणि तो हात कुणाचा असतो हे आपल्याला माहीत आहे. वेगळे करणे हे त्या बाईचे आपल्यावरचे देणे आहे. पण त्यामागून जे आश्वासन हळूच पुढे सरकवले जाते, की एकदा वेगळे केले म्हणजे त्याचे पुढे काहीतरी नवे होते आणि आपण मोकळ्या, ते तपासून पाहायला हवे. संघटनेच्या शिबिरांत हा विषय निघतो तेव्हा आपणही ‘पुनर्वापर’ हा शब्द मंत्रासारखा म्हणतो आणि पुढच्या सत्राकडे वळतो.

सुक्या बादलीतले सगळे सारखे नसते, हे भंगारवाल्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. लोखंड, तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांना तो कधी नाही म्हणत नाही. धातू वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून तर आपल्या आया-आज्या मोडीचे भांडे घालून नवे घेत. काचही वितळते, पण ती जड, वाहून न्यायला अवघड आणि भावाला हलकी. फुटलेली काच बहुतेक जण उचलतच नाहीत. कागदाचा लगदा करताना त्यातले तंतू दर वेळी आखूड होत जातात. वहीच्या पानाचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा आणखी हलका पुठ्ठा, आणि पाच-सात फेऱ्यांत त्याचा जीव संपतो. प्लास्टिकची तर एखादी फेरी झाली तरी पुष्कळ. पाण्याच्या बाटलीची पुन्हा बाटली क्वचितच होते. तिचा धागा काढतात, धाग्याचे स्वस्तातले कापड नाहीतर उशीतला भराव करतात. ते कापड फाटले की त्याला पुढे वाट नाही. आपण ज्याला चक्र म्हणतो तो खरे तर उताराचा रस्ता आहे. वस्तू दर वळणावर हलकी होत जाते आणि शेवटी डेपोवरच येते, फक्त चार-दोन वर्षे उशिरा.

याचा जगभराचा हिशेब २०१७ साली रोलंड गेयर, जेना जॅमबेक आणि कारा लॅव्हेंडर लॉ या तीन संशोधकांनी मांडला. २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते आणि त्यातले ६३० कोटी टन तोवर कचरा झाले होते. या कचऱ्यापैकी फक्त ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, १२ टक्के जाळले गेले, उरलेले ७९ टक्के जमिनीत, नद्यांत, समुद्रात पडून. श्रीमंत देश स्वतःचे प्लास्टिक निगुतीने वेगळे करून जहाजात भरत आणि चीनला पाठवत. २०१८ च्या सुरुवातीला चीनने दार लावून घेतले तेव्हा त्यांच्या स्वच्छतेचे गुपित उघडे पडले. आपल्या देशात पुनर्वापराचे प्रमाण पुष्कळ जास्त असल्याचे सरकारी कागद सांगत आले. त्यात तथ्य असेलही, कारण आपल्याकडे उकिरड्यावर वाकून एकेक बाटली वेचणारी माणसे आहेत. म्हणजे आपला आकडा चांगला दिसतो तो गरिबीच्या जोरावर.

आता ज्याला भंगारवाला हातही लावत नाही त्याकडे वळू. वेफर्सचे पाकीट, बिस्किटाचे आतून चमकणारे वेष्टन, शांपूची पुडी, मसाल्याची पुडी, गुटख्याची पुडी. (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पुड्या कोणत्याही नालीत मोजून घ्याव्यात.) या पुडीत प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मधे ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असे एकमेकांना चिकटवलेले असते. ते सुटे करायला जो खर्च येतो तो त्यातून निघणाऱ्या मालापेक्षा जास्त. म्हणून ती डेपोवर उडत राहते, नाहीतर सिमेंट कारखान्याच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळली जाते. या जाळण्यालाही कागदोपत्री ‘विल्हेवाट’ आणि ‘प्रक्रिया’ अशी सभ्य नावे आहेत.

इथे काही सुशिक्षित घरांतून एक नाराजी ऐकू येते, की झोपडपट्टीतल्या बायकाच फार पुड्या वापरतात. वापरतात, कारण रोजगारावर जाणाऱ्या बाईच्या हातात संध्याकाळी रोजची मजुरी येते, महिन्याचा पगार येत नाही. शांपूची मोठी बाटली घ्यायला एकरकमी पैसे तिच्याकडे नसतात हे कंपनीला पक्के ठाऊक आहे. पुडी तिच्यासाठीच काढली गेली. कंपनीने तिच्या गरिबीचा बाजार केला. आता त्या पुडीचा कचराही तिच्याच नावावर टाकणे हे जरा जास्तच झाले. ‘सुटे घ्या, घरून डबा न्या’ हा सल्लाही इतका सोपा नाही. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसे दगावली आणि त्यानंतर केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पाकिटात विकण्याचा आदेश काढला. सुट्या मालात भेसळ होते तेव्हा ती गरिबाच्याच ताटात आधी येते, हे विसरून आपल्याला चालणार नाही.

पुनर्वापराला आणखी एक मर्यादा आहे, बाजाराची. नवे प्लास्टिक खनिज तेलापासून होते. तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त, आणि मग जुने कोण घेतो? २००८ च्या मंदीत भंगाराचे भाव कोसळले, २०२० च्या टाळेबंदीत तर दुकानेच बंद झाली. दोन्ही वेळा कारखानदाराने भाव पाडला, मोठ्या व्यापाऱ्याने तो खाली ढकलला, गल्लीतल्या भंगारवाल्याने आणखी खाली, आणि शेवटी तो जिच्या पोटावर आला तिच्याखाली ढकलायला कुणी उरलेच नव्हते. त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. पर्यावरणाच्या गप्पा एकीकडे आणि कर दुसरीकडे. कंपन्यांनी आपण विकलेल्या प्लास्टिकइतके प्लास्टिक गोळा करवून घ्यावे असा नियम झाला, त्यासाठी प्रमाणपत्रांची पद्धत आली, आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही उद्योगांनी काढलेली सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रे सापडली. जे प्लास्टिक कधी गोळाच झाले नाही ते कागदावर नवे होऊन बसले होते.

मराठवाड्याने या व्यवहाराला काय दिले, तर माणसे दिली. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्या कचरावेचक बायकांपर्यंत पोचल्या होत्या आणि डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्याची संघटना झाली. तिच्या सभासद बायकांत बहुसंख्य दलित, आणि त्यातल्या कितीतरी जणी १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली गावे सोडून गेलेल्या कुटुंबांतल्या. शेतीने फेकले, गावाने फेकले, आणि शहराने जे फेकले त्यावर त्या जगल्या. पण संघटना झाल्यावर त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली, आरोग्य विमा मिळवला, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था काढून दारोदार कचरा नेण्याचे काम आपल्याकडे घेतले. घराघरातून त्यांना सेवेचे पैसे मिळतात, भंगाराचे वेगळे. लातुरातही जनाधार सेवाभावी संस्थेने कचरावेचक बायकांना दारोदारच्या संकलनात आणले. हे मुद्दाम अशासाठी सांगते की आपल्याकडे शहर ‘सुंदर’ करण्याचा विषय निघाला की पहिली उडी गाड्यांच्या कंत्राटावर पडते. बंद गाडी आली की वेचणारीला बाटलीही मिळत नाही आणि कामही मिळत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असे लिहिले होते. तुमच्या वॉर्डात किती जणींना सामावून घेतले, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतो. विचारायला हवा.

या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणते की पूर्वी कचराच नव्हता. चुलीची राख भांड्याला, शेण-पालापाचोळा उकिरड्यावर, उकिरडा वर्षाने शेतात, जुन्या लुगड्याची वाकळ, वाकळीचे पोतेरे. खरे आहे, वस्तूची शेवटची चिंधी होईपर्यंत ती वापरण्याचे शहाणपण बायकांकडे होते आणि अजून आहे. पण त्या जुन्या गावात मेलेले ढोर ओढायला एक जात होती, मैला उचलायला एक जात होती, आणि त्या जातीतल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन मागच्या दाराने येत. वाकळ शिवणाऱ्या बाईचे डोळे आणि पाठ कुणी हिशेबात धरली नव्हती. तेव्हा जुन्याची नक्कल आपल्याला करायची नाही. त्यातले हुन्नर घ्यायचे. ते ज्यांच्या अंगावर लादलेले होते त्यांच्याच अंगावर पुन्हा टाकायचे नाही.

म्हणून ‘कचरा कमी करा’ या उपदेशाचेही तपशील पाहावे लागतात. घरातला बहुतेक प्रत्येक उपाय दोन गोष्टी मागतो, बाईचा वेळ आणि पाणी. स्टीलची ताटे वापरा: घासणार कोण, आणि कशाने? २०१६ चा लातूरचा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा सगळ्या देशाने लातूर पाहिले. हंड्यांच्या रांगेत बायका आणि मुली होत्या. त्या दिवसांत कुणी कागदी पत्रावळीत जेवण वाढले तर तिला पर्यावरणाचे पाठ कोणत्या तोंडाने द्यायचे?

पॅडचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. पाळीच्या चिंध्या अंधाऱ्या कोपऱ्यात, ओल्याच वाळवणाऱ्या मुलींना पॅड मिळावेत म्हणून स्त्री संघटना वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. ८ मार्च २०१८ ला राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड मिळू लागले, आणि गावोगावच्या बचत गटांतून ते विकले गेले. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला. हे मिळवलेले आहे आणि ते सोडायचे नाही. पण ते पॅड बहुतांशी प्लास्टिकचे असतात, आणि योजनेत ते वापरून झाल्यावर कुठे टाकायचे यावर फारसे कुणी बोलले नाही. मुली ते शाळेच्या मागे टाकतात, नालीत टाकतात, लपवून जाळतात. पाळीची लाज शिल्लक असल्यामुळे पॅड कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत बांधून, दुसऱ्या कचऱ्यात दडपला जातो आणि तो उघडणारे हात पुन्हा त्याच बाईचे. २०१३ साली पुण्यातल्या ‘स्वच्छ’च्या बायकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून त्या बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवल्या. मला वाटते, कचऱ्यावरच्या सगळ्या परिसंवादांपेक्षा ती एक कृती मोठी होती. २०१६ च्या नियमांत पॅडबरोबर गुंडाळायची पिशवी कंपनीने द्यावी अशी तरतूद झाली. पुण्यात त्या पुड्यावर लाल ठिपका काढायची मोहीमही झाली.

कापडी पॅड चांगले की पाळीचा कप चांगला, यावर गटांत मोकळेपणी बोलावे, वापरणाऱ्या जणींनी अनुभव सांगावेत. कप अनेक वर्षे टिकतो आणि त्याला पाणी कमी लागते, ही लातूरसारख्या ठिकाणी मोठी गोष्ट आहे. पण बंद न्हाणीघर नाही, दोरीवर उन्हात कापड वाळवायची सोय नाही, अशा घरातल्या मुलीला कापडी पॅडचा आग्रह करणे म्हणजे तिला पुन्हा त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात पाठवणे होईल. हा पर्याय म्हणून सांगायचा, व्रत म्हणून नाही. आधी न्हाणीघर आणि नळ मागू.

मग कमी काय करता येईल? वजनाने पाहिले तर आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. तो डेपोवर गेला नाही तर डेपो अर्धा होतो, वास आणि आग दोन्ही कमी. मडक्यात, क्रेटमध्ये किंवा कुंडीत खत करणे अवघड नाही. खाली कडुनिंबाचा नाहीतर कसलाही वाळका पाला, वर चिरलेली देठे-साली, पुन्हा पाला, आणि मधून मधून हलवणे. पुस्तकांत फार ओले होऊ देऊ नका असे लिहिलेले असते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते वाळून खडखडीत होते आणि कुजणे थांबते, म्हणून भांडी धुतलेले पाणी शिंपडून वर पोते झाकावे लागते. हे काम घरातल्या पुरुषाने करायचे. सकाळी तासभर वर्तमानपत्र वाचायला ज्याला वेळ मिळतो त्याला साली टाकून पाला पसरायला दहा मिनिटे मिळतील. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात तिथे हे सांगूच नये. तिथे वॉर्डात सामायिक खड्डा हवा, त्यावर देखरेखीला पगारी बाई हवी, आणि जागा महापालिकेने द्यावी.

अन्न वाया घालवू नका, हे तर आपल्याला शिकवायची गरजच नाही. उरलेली भाकरी, कालची भाजी, तळाशी राहिलेले वरण घरात कोण संपवते? चपातीचा कुस्करा फोडणी देऊन सगळ्यांनी खाल्ला तर ती काटकसर. सगळ्यांना ताजे वाढून सासूने किंवा सुनेने एकटीने शिळे खायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. बाईचे पोट हे घरचे खतकुंड नव्हे. जितके लागते तितके शिजवायचे असेल तर कोण जेवायला आहे आणि कोण बाहेरून खाऊन येणार हे पुरुषांनी आधी सांगावे. अन्न वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

संक्रांतीच्या वाणाचेही बोलले पाहिजे. चाळणी, डबी, साबणाची थाळी, चिमटा, सगळे प्लास्टिकचे आणि सगळे घाऊक. एकेकीच्या घरी पंधरा-वीस नगांचा ढीग जमतो, महिन्याभरात तडकतो. हळदीकुंकवातून विधवांना वगळण्याच्या विरोधात आपण बोलत आलो आणि पुष्कळ ठिकाणी गटांनी सगळ्या बायकांचे तिळगूळ सुरू केले. त्या कार्यक्रमांतही वाण प्लास्टिकचेच राहिले असेल तर ते बदलता येईल: बियाण्यांची पुडी, एखादे पुस्तक, वाटीभर डाळ. किंवा काहीच नको. वाण दिल्यावाचून बायका भेटल्या तर बिघडत नाही.

डाळीवरून आठवले. लातूर हे डाळींचे गाव. सोयाबीन आणि तुरीची एवढी मोठी बाजारपेठ, गावात डाळ मिल, आणि तीच डाळ चकचकीत अर्ध्या किलोच्या पाकिटात आपल्याच घरी परत येते. बचत गटाने हंगामात पोत्याने डाळ उचलून सभासदांत मापून वाटली तर पाकिटेही गेली आणि पैसेही वाचले. भेसळ तपासायला दहा जणींचे डोळे असतात. रोजंदारीवरच्या बाईला आठवड्याने पैसे द्यायची मुभा गट देऊ शकतो, दुकानदार सहसा देत नाही. पुडीच्या अर्थकारणाला खरे उत्तर इथे आहे, एकटीच्या निग्रहात नाही.

२३ मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीचे काय झाले हे आपण पाहिलेच. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड होता, आणि तो सोसायची ऐपत नसलेल्या हातगाडीवाल्या, भाजीवाल्या बायकांच्या मागे पथके लागली. बचत गटांनी कापडी पिशव्या शिवल्या, पण बाजारात त्यांच्या जागी आली ती कापडासारखी दिसणारी, न विणलेली पिशवी, जी स्वतःच प्लास्टिकची असते. त्याच अधिसूचनेत एक चांगली गोष्ट होती: दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली परत दिली की ग्राहकाला ठरावीक रक्कम परत मिळावी, दुधाच्या पिशवीला ५० पैसे. ती व्यवस्था आपल्या गल्लीपर्यंत पोचलीच नाही. ती का चालू शकते हे कळायला परदेश नको. थंड पाण्याचा वीस लिटरचा जार पाहा. तो कधी रस्त्यावर पडलेला दिसतो का? त्यावर अनामत असते, म्हणून तो परत जातो, धुतला जातो, पुन्हा भरला जातो. सोड्याची काचेची बाटली अशीच परत जायची. लग्नात त्याच जारमधून भरलेला प्लास्टिकचा पेला मात्र एका घोटानंतर मांडवाबाहेर. बाटलीवर, पिशवीवर अनामत लावा ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. ती अनामत वेचणारीच्याही हातात पडते, बाजारभाव कितीही पडो.

मांडवाच्या पेल्या-पत्रावळींना पर्याय भांडी बँकेचा. बचत गटाने दोनशे-तीनशे ताटे, वाट्या, पेले घ्यायचे आणि बारशाला, साखरपुड्याला, सभेला भाड्याने द्यायचे. यावर ‘इतकी भांडी घासणार कोण’ असे विचारणाऱ्यांना मी नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरकडे बोट दाखवते. तिथे रोज हजारो माणसे स्टीलच्या थाळीत जेवतात. भांडी घासणे ही तिथे सेवा आहे, आणि चांगले धडधाकट पुरुष बाह्या सारून ओळीने थाळ्या घासताना दिसतात. कुणाचा मान कमी होत नाही. आपल्या मांडवात हे का होऊ नये? आणि सेवा म्हणून होत नसेल तर मजुरी म्हणून व्हावे. फुकट तर मुळीच नाही.

टंचाईच्या वर्षी पत्रावळ लागणारच. ती पळसाची, काड्यांनी टाचलेली असावी. आतून चमकणारा कागद लावलेली पत्रावळ ना रद्दीत जाते ना खतात. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात पळस आहे आणि पाने गोळा करून टाचणाऱ्या आदिवासी बायका आहेत. शहरातल्या गटांनी त्यांच्याकडून थेट, ठरलेल्या भावाने घेतल्या तर मधला दलाल वगळता येईल.

भांडी बँक चालवायची तर काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. अनामत भाड्यापेक्षा मोठी ठेवावी, म्हणजे ताटे परत येतात. मोजून द्यावी, मोजून घ्यावी, आणि वही एकीनेच ठेवावी. घासून परत करायची की गटाने घासायची, हे पावतीवर लिहावे. गटाने घासायची असतील तर घासणारीची मजुरी भाड्यातून वेगळी काढून त्याच दिवशी द्यावी. पाणी वाचवायला आधी ताट राखेने किंवा जुन्या कापडाने कोरडे पुसून घ्यावे, मग दोन टबांत खळबळावे, नळाखाली धरू नये. दुसऱ्या टबातले पाणी झाडांना जाते. नांदेड-लातूरच्या ज्या गटांनी हे करून पाहिले असेल त्यांनी भाडे किती ठेवले, ताटे किती हरवली आणि उन्हाळ्यात पाण्याची सोय कशी केली, ते आमच्याकडे जरूर लिहून पाठवावे.